मामा गाडीत झोपू द्यायचा नाही

मामाच्या गाडीत कुणाला झोपायची परवानगी नव्हती. शेजारी बसलेल्या माणसाची मान जरा कलली, की मामाचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटायचा आणि खांद्यावर थाप बसायची. "उठ. बोल काहीतरी." बोलायला काही नसेल तर गाणं म्हण, गाणं येत नसेल तर रस्त्यावरच्या पाट्या वाच, पण डोळे उघडे ठेव. सायखेड्याहून भाजी भरून शहराकडे येताना वाटेत कुणी हात दाखवला तर तो टेम्पो थांबवायचा, पण आत घेण्याआधी विचारायचा, झोपणार नाही ना? लोकांना वाटायचं, ड्रायव्हर लोकांचं असंच असतं, शेजारचा पेंगला की आपल्यालाही पेंग येते. मामा त्यांना तसंच वाटू द्यायचा. खरं कारण फक्त आईला आणि मला माहीत होतं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. नाशिक रोडच्या ज्या कॉलनीत आम्ही वाढलो, तिथली बहुतेक माणसं सकाळी डबा घेऊन नोकरीला जाणारी. आजोबा नोटा छापायच्या सरकारी प्रेसमध्ये होते आणि मुलानंही तिथेच लागावं अशी त्यांची इच्छा होती. मामा नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे क्लीनर म्हणून लागला आणि पुढे ड्रायव्हर झाला. आजोबांनी बरेच दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मामाचं म्हणणं एवढंच होतं, की ऑफिसात गाणी लावू देत नाहीत.

हे तो चेष्टेनं म्हणायचा नाही. गाण्यांशिवाय त्याला करमायचंच नाही. भीमगीतं आणि कव्वाल्या, बस्स, तिसरं काही नाही. स्वतःचा गळा असा, की तो गुणगुणायला लागला की आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. पण कान तयार होता. कॉलनीतल्या कार्यक्रमात सगळे गायकाकडे बघायचे, मामा मात्र ढोलकीवाल्याच्या बाजूला मांडी घालून बसायचा. "गायकाला कुणीपण ओळखतं," तो म्हणायचा, "त्याला उचलून कोण धरतंय ते ऐक ना." ट्रकमध्ये त्यानं स्वतःच्या हातानं मोठे स्पीकर बसवून घेतले होते. घाट चढताना कव्वाली आणि सपाट रस्त्याला भीमगीतं असा त्याचा नियम होता. मी विचारलं होतं, उलट केलं तर काय होतं? तर म्हणाला, गाडी दमते.

मामा-मामीला मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण पुढे पुढे मामीला रिकाम्या घरात बसवेना. मग मामानं तिला ट्रकमध्ये सोबत न्यायला सुरुवात केली. मालक कुरकुरला, कॉलनीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मामीला सुरुवातीला ती गाणी अजिबात सहन व्हायची नाहीत. ती कानात कापूस घालून बसायची. वर्षभरानं बघावं तर पेन ड्राइव्ह तिच्या पर्समध्ये आणि पुढचं गाणं कुठलं ते तीच सांगणार. इकडून कांदा, द्राक्षं घेऊन ते नागपूर, रायपूर, थेट ओडिशापर्यंत जायचे. मामीनं पहिल्यांदा समुद्र पाहिला तो मुंबईचा नाही, तिकडचा. परत आली की आमच्या ओट्यावर बसून तिथल्या मासळीबाजाराचं वर्णन करायची आणि मामा मध्ये मध्ये, तेव्हा कुठलं गाणं चालू होतं, ते सांगायचा.

अशाच एका खेपेला रायपूर सोडल्यावर सकाळी मामी म्हणाली, पित्त झालंय, जरा पडते. ड्रायव्हरच्या मागे झोपायला फळी असते, तिथे ती आडवी झाली. मामानं स्पीकरचा आवाज कमी केला, तिची झोप मोडू नये म्हणून. गाणी बारीक आवाजात चालू होती आणि तो गाडी चालवत होता. मध्ये नाश्त्याला थांबायचं होतं, तेही त्यानं टाळलं. झोपलीय तर झोपू दे. दुपारी एका ढाब्यावर गाडी लावून तो तिला जेवायला उठवायला मागे वळला, तेव्हा तिचा हात गार होता.

तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हार्ट अटॅक, आणि बहुतेक सकाळीच. मामानं परत परत विचारलं, सकाळी म्हणजे कधी? ते कोण सांगणार? अँब्युलन्समधून तो मामीला घेऊन घरी आला, सगळे विधी शांतपणे केले, आलेल्या माणसांना पाणी विचारलं. रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. लोक पांगल्यावर तो द्वारकेला गेला आणि मालकानं परत आणवलेल्या ट्रकमधले स्पीकर काढून, तारा कापून, ते तिथेच टाकून आला. गाडीवरही परत गेला नाही.

मग त्याचं बोलणं कमी होत गेलं. आईनं त्याला आमच्याकडे आणलं. तो पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचा. मिक्सर लावला की कान झाकायचा. जेवण समोर ठेवलं की बघत बसायचा, जसं काही त्याचं काय करायचं हे विसरलाय. एकदाच त्यानं मला आतलं काहीतरी सांगितलं. म्हणाला, "सुजे, ती गेली तेव्हा नेमकं कुठलं गाणं चालू होतं, ते मला आठवत नाही. सगळी आठवून झाली. यातलं एक कुठलं तरी होतं ना. मग आता ऐकू कुठलं?"

भीमजयंतीच्या मिरवणुकीत पूर्वी मामा सगळ्यांच्या पुढे असायचा. त्या वर्षी मिरवणूक आमच्या दारावरून गेली, खिडक्यांची तावदानं थरथरत होती, गाणी सगळी त्याच्या आवडीची. मामा सापडेना. बाथरूमची कडी आतून लावून, नळ सोडून, तो खाली बसला होता. मिरवणूक लांब गेल्यावरही तो बाहेर यायला तयार होईना. आई दारापाशी बसून राहिली.

कॉलनीत लोक बोलायला लागलेच होते. कुणी म्हणालं, दारू लागली असेल. कुणी म्हणालं, बायकोचा जीव अडकलाय, अमुक एका बाबाकडे नेऊन आणा. आई म्हणाली, आपल्या घरात हे चालणार नाही. पण मग काय चालणार, ते तिलाही सुचत नव्हतं. तोवर एका दुपारी रेल्वेतले एक ओळखीचे गृहस्थ मामाचा हात धरून त्याला घरी घेऊन आले. स्टेशनच्या पुढे रुळांच्या अगदी कडेला तो उभा होता. ते गेल्यावर आई त्याच्यासमोर बसली आणि तिनं सरळ विचारलं, जीव द्यायला गेला होतास का?

मामा म्हणाला, "माहीत नाही आक्का. गाडीचा आवाज ऐकायला गेलो होतो. बाकीचं सगळं पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाजतं. तो एकच आवाज आवाजासारखा वाटतो."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही दोघींनी त्याला शहरातल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं. हा आजार आहे, गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, तोवर एकटं सोडू नका, असं त्यांनी आम्हाला समजावलं. मामाचा त्यांना एकच प्रश्न असायचा. मी आवाज कमी केला नसता, तर ती उठली असती का? डॉक्टर म्हणायच्या, नाही, गाणं मोठं असलं म्हणून हृदय बंद पडायचं राहत नाही. मामा मान हलवायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारायचा. त्याही पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्यायच्या. त्या बाईंचा मला एवढ्यासाठीच आदर वाटतो. घरी सोडल्यावरही तपासणीला जायचो तेव्हा हे चालूच होतं. मग एकदा आम्ही बाहेर येऊन रस्त्याला लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की आज त्यानं विचारलंच नाही.

दवाखान्यात जायला आम्ही नाशिक रोडहून शेअर रिक्षा करायचो. बसण्याआधी मी रिक्षावाल्याला गाणी बंद करायला सांगायचे. एकदा उपनगर नाक्याच्या सिग्नलला नवं गिऱ्हाईक चढलं आणि रिक्षावाल्यानं स्पीकर सुरू केला. मी पुढे वाकून काही बोलणार, तर मामानं माझं मनगट धरलं. तो ऐकत होता. कपाळावर आठ्या होत्या, घाम आला होता, पण ऐकत होता. गाणं अर्धं झाल्यावर वैतागून म्हणाला, "मशीनची ढोलकी आहे ही. माणसाची नाही."

कितीतरी महिन्यांत त्याचं कशाहीबद्दल काही मत झालेलं मी ऐकलं नव्हतं. मी तोंड बाहेर फिरवलं. शेजारच्या गिऱ्हाईकाला वाटलं असेल, धूर डोळ्यांत गेला.

तिथून पुढे तो थोडं थोडं ऐकायला लागला. आधी दुसऱ्यांच्या घरातून येणारी, मग माझ्या फोनवर. जुनी यादी मात्र त्यानं टाळली. त्याला नवीन गाणी हवी होती, मामीनं कधीच न ऐकलेली. ही त्या सकाळी वाजली असतील का, असा प्रश्न येत नाही, म्हणायचा. ट्रक चालवणं त्यानं सोडलं ते सोडलंच. सायखेड्याच्या शेतकऱ्यांची भाजी शहरात आणायला एक छोटा टेम्पो घेतला आणि त्यात स्पीकर बसवला. आवाज कुणासाठीही कमी करायचा नाही आणि कुणाला झोपू द्यायचं नाही, हे तेव्हापासूनचं.

बरा झाल्यावर कॉलनीत त्याचं कौतुक सुरू झालं. एका कार्यक्रमात कुणीतरी माइकवरून सांगितलं की संगीतानं ह्या माणसाला मरणाच्या दारातून परत आणलं. मामा उठला आणि स्टेजवर जाऊन त्यानं माइक मागून घेतला. त्याला बोलायची सवय नव्हती. "गाण्यानं नाय झालो बरा," तो म्हणाला. "गोळ्यांनी झालो. अजून घेतो. गाणं तर आधी मलाच सोडून गेलं होतं, बरं वाटल्यावर परत आलं. ज्याला झोप लागत नाय त्यानं डॉक्टरकडं जा, ढोलकीकडं नका येऊ." लोक हसले. तो हसला नाही. खाली आल्यावर एकदोन बायका त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात डॉक्टरांचा पत्ता विचारत होत्या.

मधली काही वर्षं बरी गेली. मग एकदा ऐन दिवाळीच्या तोंडावर तो सकाळीच आपल्या घरून येऊन आमच्या दारात उभा राहिला. हातात पिशवी, तिच्यात टॉवेल, दोन सदरे, गोळ्यांच्या पट्ट्या. आईला म्हणाला, "आक्का, परत खडे वाजायला लागलेत. आधी सांगून ठेवतो. चला." त्या खेपेला त्याला जास्त दिवस राहावं लागलं, आणि परत आला तो थकूनच. हसायचा, बोलायचा, पण जिना चढताना मध्ये थांबायचा. टेम्पोही विकून टाकला.

गेल्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात तो आठवडाभरही राहिला नाही. शेवटच्या दुपारी आई त्याच्या पायांना तेल लावत होती आणि तो तिला सांगत होता की समुद्राची वाळू गरम असली की मामी चपला हातात घेऊन पळायची. आई म्हणाली, मग? तो म्हणाला, मग काय, पळायची. बोलता बोलता त्याला ग्लानी आली आणि संध्याकाळी सगळं संपलं.

जलदानविधीच्या दिवशी कॉलनीच्या गायनपार्टीतली सगळी मंडळी आली, न बोलावता. ते गायला बसले तेव्हा आई उठून आत गेली. आईला गाण्याचं वेड कधीच नव्हतं, म्हणून मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. पण नंतर ती पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी ठेवून बसून राहायला लागली. गॅस तसाच चालू. रात्रभर जागी, दिवसा अंथरुणात. माझ्याशी बोलताना मध्येच थांबायची आणि वाक्य तिथेच राहायचं. मी चार दिवस शब्द जुळवत होते, आणि शेवटी म्हणाले, आई, आपण एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ. मला वाटलं होतं, ती चिडेल. ती उठली आणि साडी बदलायला गेली.

डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच ओळखलं. भाऊ कसे आहेत, म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आईसाठी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, बरं केलंत, आलात. बऱ्याच लोकांना इथे यायला संकोच वाटतो.

"माझा भाऊ बसलाय या खुर्चीत," आई म्हणाली. "मला कसली लाज."

परत येताना रिक्षात आम्ही दोघीच होतो. द्वारकेला गाड्यांची रांग लागली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, मामाची गाणी लावू का फोनवर? तिनं मान हलवली.

"त्याची नको. त्याची मला नाही सोसायची," ती म्हणाली. मग जरा अवघडून पुढे म्हणाली, "माझं पण असेल ना एखादं. आठवायला लागेल."

मी फोन हातात धरून बसले. सिग्नल सुटला, रिक्षा नाशिक रोडच्या रस्त्याला लागली, आणि आई बाहेर बघत आठवत राहिली.