तिच्या मागचा बिबट
शेजारी आज मासे तळून राहिले, त्या वासानं कन्हान नदी आठवली. सन ऐंशीच्या पुढची गोष्ट. उन्हाळ्यात सौंसरकडे नदी आटली की बायको वाकून दगडाखाली हात घालून मासे धरायची अन् मी समोरच्या काठाला जाळं लावायचो. त्या दिवशी ऊन कलताना तिच्या मागच्या झुडपातून बिबट निघाला, पोट भुईला टेकवून तिच्याकडे पाहत राहिला. वाकलेलं माणूस त्याला बकरीसारखं दिसते, हे मला ठाऊक होतं. ओरडलो असतो तर ती पळाली असती अन् त्यानं धरलीच असती. मी साध्या आवाजात म्हटलं, "उभी राह्य." ती मान वर न करता म्हणे, "हाताखाली मरळ हाये. तुमीच राहा उभे." बिबट आणखी पुढे सरकला. "टोपली कलंडून राहिली तुही, डोक्यावर घे," म्हटलं. मासे वाहून जातील म्हणून ती कुरकुरत उठली, टोपली डोक्यावर घेतली. एवढी उंच बाई पाहून बिबट थबकला अन् झुडपात शिरला. माझ्या काठाला आल्यावर तिला सांगितलं, तर भांडायलाच लागली. "आधी कायले नाही सांगतलं?" म्हटलं, "पयाली असती तू." "तुमाले सोडून?" या हिवाळ्यात मात्र सोडूनच गेली.