सारवलेली भेग

सकाळपासून मी पोळ्या लाटत होते. पाहुणे जेवायला घरी येणार नव्हते, त्यांचे डबे डोंगरावर जायचे होते. पाहुणे म्हणजे भूवैज्ञानिकांच्या मंडळाचे सभासद. आदल्या दिवशी महाडला त्यांची वार्षिक सभा झाली होती आणि आज ते पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमध्ये दरडींची पाहणी करणार होते. माझ्या नणंदेची मुलगी श्रुतिका पुण्याला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते, मंडळाचं दरडींचं काम तिच्याकडे आहे. ओट्याला टेकून चहा पीत ती फोनवर पावसाचा अंदाज बघत होती.

"मामी, भाजी कोरडीच कर हं. चढावर रस्सा सांडतो," ती म्हणाली, तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कोणीतरी तळव्यानं दार थापटत होतं.

दारात सगुणाबाई उभी. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, तरी लुगडं अंगाला चिकटलेलं.

मी लग्न होऊन पोलादपुरात आले तेव्हापासून ही बाई मला माहीत आहे. उमरठच्या बाजूला एका टेकाडावर तिची वाडी. बाजाराच्या दिवशी तूप आणि गावठी अंडी घेऊन खाली उतरते, भाव एकदाच सांगते आणि कोणी घासाघीस केली तर टोपली उचलून पुढच्या दाराला जाते. माहेर सवचं, गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी. तळियेच्या दरडीनंतर सगळा तालुका डोंगराकडे मान वर करून बघायला लागला, तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्या माहेरची जमीन उकळते नि सासरची चालते. मी बसू तरी कुठं गो?" आणि स्वतःच हसली होती.

आज ती हसत नव्हती. टोपलीही नव्हती. हातात एक पत्र्याची डबी होती.

"पोरगी हाय का घरात?"

श्रुतिका पुढे आली. सगुणाबाईनं डबी उघडून तिच्यापुढे धरली. आत लांब खिळे होते, डोक्यांना लाल रंग लावलेले. श्रुतिकानं कप तसाच ओट्यावर ठेवला.

"मावशी, हे पडवीतले?"

"तुमीच ठोकलेले ना ते."

सगुणाबाईच्या पडवीत गेल्या वर्षी भेग पडली होती. भेगेच्या दोन्ही बाजूंना मंडळानं खिळे ठोकले होते. दर फेरीला दोन खिळ्यांमधलं अंतर मोजायचं, ते वाढलं तर डोंगर सरकतोय असं समजायचं. ते खिळे आता डबीत होते.

"का काढलेत?"

"अगो, मोठी माणसं येणार म्हून निरोप आला. त्यांना काय भेग दाखवायची? गौरीला सारवतो, लग्नाला सारवतो, मग तुमाला नको सारवाया? भेग बुजवली नि शेणानं झकास सारवून घेतलं. नि खिळे कुणाच्या पायात घुसतील म्हून उपटले."

श्रुतिकानं डोळे मिटून घेतले. मग हळू विचारलं, "आणि आज कशाला आलात?"

"परत उमटली. परवा सारवलेलं, आज पहाटं बघते तर त्याच जागी. दोरी ताणल्यावानी, सरळ."

"वाळून तडकलं असेल," मी म्हणाले.

"मामी, तीन दिवस इथं रुमाल वाळत नाहीये," श्रुतिका म्हणाली आणि फोन लावायला लागली. लावता लावता तिनं सगुणाबाईच्या नवऱ्याचं विचारलं, "भैरूबाबांना माहितीय तुम्ही आलात ते?"

"अंडी द्यायला जाते म्हून सांगितलं."

"टोपली न घेता?"

सगुणाबाईनं डबीचं झाकण लावलं.

मंडळाचे सचिव राजेंद्र सर लॉजवरून आले. सभासदांना त्यांनी तिथेच थांबवलं. मंडळाच्या पुढच्या वार्तापत्रात 'पावसामुळे क्षेत्रभेट रद्द करण्यात आली' असं एका ओळीत छापलं, ती क्षेत्रभेट हीच. वर आम्ही चौघंच गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं, पण गाडीत बसताना सगुणाबाईनं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

गाडी जिथवर गेली तिथून पायवाट. कडेचा वहाळ डोंगराची माती घेऊन लाल, गढूळ वाहत होता. सरांनी थांबून त्याच्याकडे पाहिलं आणि पावलं वाढवली, पण खडक फोडायचा हातोडा टेकत चढताना त्यांना दम लागला.

"साहेब, तो हातोडा द्या माझ्याकडं. वजन तरी कमी होईल," सगुणाबाई म्हणाली.

"राहू दे. त्याच्यावरच माझा तोल आहे," सर म्हणाले.

वाडी म्हणजे मोजकी घरं, आणि मागे लगेच उभा डोंगर. भैरूबाबा पडवीत बसले होते.

"अंडी द्यायला गेलेली," ते आम्हाला म्हणाले, "बदल्यात माणसं घेऊन आली."

पडवी खरोखर सुरेख सारवली होती. हात फिरवल्याच्या अर्धगोल खुणा एकीला एक लागून. आणि त्यांच्यावरून आरपार एक रेघ. सर गुडघ्यांवर बसले. रेघेत नख घातलं, आत गेलं. श्रुतिकानं टेप उघडली, पण मोजायचं कुठून कुठवर? खिळ्यांची भोकं सारवणाखाली बुजली होती.

"सर, आकडा काय लिहू?"

आदल्याच दिवशी सभेत सरांनी एका तरुण सभासदाला, आकडे नसतील तर निष्कर्ष सांगू नका, असं म्हणून खाली बसवलं होतं. श्रुतिकानंच मला रात्री जेवताना ते सांगितलं होतं.

ते उठले आणि घराचं दार लावून बघितलं. खालच्या कोपऱ्यात अडकलं.

"हे कधीपासून?"

"पावसात लाकूड फुगतंय," भैरूबाबा म्हणाले.

"फुगलं असतं तर सगळीकडं घासलं असतं. हे एकाच कोपऱ्यात अडतंय. चौकट वाकडी झालीय." सरांनी चष्मा पुसला. "आकडा माझ्याकडं नाही. तरी सांगतो. दुपारच्या आत वाडी रिकामी करा."

"तुमी सरकार काय?"

"नाही. आम्ही मंडळ. आम्हाला कोणाला उठवता येत नाही. तहसीलला कळवतो, ते गाडी पाठवतील. खाली शाळेत सोय होईल."

सर फोनवर बोलत अंगणाच्या टोकाला गेले. शेजारच्या घरांतून पत्र्याच्या पेट्या ओढल्याचा आवाज यायला लागला. सगुणाबाईनं श्रुतिकाला विचारलं, "माझ्यामुळं झालं काय, पोरी? खिळे उपटले म्हून?"

"खिळ्यांनी डोंगर धरला नव्हता, मावशी."

"पण तुमाला आदी कळलं असतं."

श्रुतिका म्हणाली, "हो. कळलं असतं."

सगुणाबाईनं मान हलवली आणि आत जाऊन भांडी गोणीत भरायला घेतली. भैरूबाबा मात्र जागचे हलले नाहीत.

"तू जा. मी नाय येत," ते आत बघून म्हणाले. "मागं असंच नेलं शाळेत. ढोरं नाय आणायची म्हणाले. परत आलो तर गोठ्यात रक्त नि दावं. वासरू वाघरानं नेलं. आता म्हस गाभण हाय. तिला कुणाच्या हवाली करू?"

तेवढ्यात गोठ्यामागून माती घसरली. फार नाही, घमेलंभर असेल. म्हैस दावं ताणून उभी राहिली. भैरूबाबांनी तिच्याकडे पाहिलं, पण बूड उचललं नाही.

सर फोन कानाला तसाच धरून परत आले. "गाडी निघालीय. तहसीलदार साहेब लाइनवर आहेत. सगुणाबाई, आणखी काय हवं असेल तर आत्ताच सांगा. घराची जागा, धान्य, काय असेल ते. मी त्यांच्या कानावर घालतो."

सगुणाबाई दाराशी आली. हाताला लागलेली राख तिनं पदराला पुसली, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि सरांना म्हणाली,

"शाळेच्या पडवीत आमची ढोरं बांधू द्या. शेण मी काढीन."