चौऱ्याऐंशी प्रकारे बसता येईल

मास्तरांनी आयुष्यभर कॉलेजात एकच गोष्ट मन लावून शिकवली होती : अमुक दोघी शेजारी-शेजारी बसणार नसतील, तर बाकीच्यांसह ओळीत किती प्रकारे बसतील? त्या दोघी शेजारी का बसत नाहीत, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नव्हता, त्यामुळे मास्तरांनाही पडला नव्हता.

आईने एकत्र फोटोचा हट्ट धरला, तेव्हा मात्र गाठ घरच्या दोघींशी पडली. धाकट्या बहिणीच्या नव्या घरातले पडदे पाहून थोरली म्हणाली होती, "दवाखान्यासारखे दिसतात गं." त्या दिवसापासून बोलणं बंद. अविवाहित मास्तर बिचारे दोन्हीकडे चहा प्यायचे.

स्टुडिओत बाक एक, माणसं सहा : आई, दोघी बहिणी, त्यांचे नवरे आणि मास्तर.

"बसायचं कसं, ते माझ्यावर सोडा," मास्तर म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. सहाजणांच्या मांडण्या सातशे वीस. बहिणी शेजारी आल्या, तर दोघींचं एकच गाठोडं धरायचं. म्हणजे पाच जागांच्या एकशे वीस, दोघींच्या अदलाबदलीने दुप्पट, दोनशे चाळीस. त्या वजा. उरल्या चारशे ऐंशी. शिवाय प्रत्येकीला नवरा शेजारी हवा. घसरत घसरत आकडा चौऱ्याऐंशीवर आला. मास्तरांचा चेहरा उजळला. त्यातली सर्वांत निर्धोक मांडणी त्यांनी निवडली : एका टोकाला थोरली, दुसऱ्या टोकाला धाकटी, त्यांच्या आत नवरे आणि मधोमध आई नि मास्तर.

सगळे बसले. फोटोग्राफर म्हणाला, "हसा."

थोरलीने मान वळवून ओळ न्याहाळली. "मला कडेला बसवलंस होय रे? मी काय परकी?"

"मलाही कडेलाच," पलीकडच्या टोकावरून धाकटी म्हणाली. मग तिला काहीतरी दिसलं. "ताई, बघितलंस का? स्वतः बरा आईला चिकटून बसलाय!"

"लहानपणापासूनचा लबाड आहे तो!"

"अगं, ते गणितानं आलंय," मास्तर कळवळून म्हणाले.

"तुझं गणित बरं तुझ्याच बाजूनं येतं!"

दोघी उठल्या, मास्तरांना बाजूला सारून आईजवळ एकमेकींना खेटून बसल्या आणि फोटो निघेपर्यंत त्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत राहिल्या. आई खूश. मास्तर टोकाला, फोटोत त्यांचा एकच खांदा आला.

परतताना दोघी आईला घेऊन पुढच्या टॅक्सीत बसल्या. मागच्या टॅक्सीत दोन्ही मेव्हण्यांच्या मध्ये मास्तर अंग चोरून बसले. आपल्यामुळे बहिणी बोलत्या झाल्या, तेव्हा निदान इथे तरी कुणी पाठ थोपटेल, अशी त्यांना आशा होती.

थोरल्या मेव्हण्यांनी सुस्कारा सोडला.

"तीन वर्षं कसं निवांत चाललं होतं हो," ते म्हणाले. "आता दर रविवारी येणं-जाणं आलं."




धाकट्या मेव्हण्यांनी मान डोलावली आणि खिडकीची काच खाली केली.