मारीन, मारणार आणि मी चालले

माझ्या नवऱ्याच्या तोंडी कायम पुढचंच. "तंगडं तोडीन." "जित्ती गाडीन." चहा पातळ झाला तरी गाडीन, भाकरी करपली तरी गाडीन. लग्न नवं होतं तेव्हा मी दर खेपेला थरथरायचे. मग कळलं, तो बोंबलतो तेव्हा काही होत नाही. तो गप्प झाला, दाराला आतून कडी घातली आणि कमरेचा पट्टा सोडायला लागला, की मार ठरलेला. त्या पट्ट्याच्या बक्कलनंच माझा डावा कान कायमचा गेला.

आम्ही सोनईला राहायचो. तो टेम्पो चालवायचा, मी शिंगणापूरला एका दुकानात तेलाच्या बाटल्या आणि रुईच्या माळा विकायचे. दुकानामागं एक मॅडम राहायच्या. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की त्या आम्हा दुकानांतल्या बायकांना त्यांच्या घरी बसवून इंग्रजी शिकवायच्या. नगरच्या एका दवाखान्यात काउंटरवर बाई हवी होती, राहायची सोयही तिथंच. सोमवारी मुलाखत, आणि तीही इंग्रजीतून. मला ती नोकरी पाहिजेच होती. नाहीतर एक दिवस तो मला मारून टाकणार होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या आठवड्यात मॅडमनी पुढं घडणाऱ्या गोष्टी इंग्रजीत कशा सांगायच्या ते काढलं. बोलता बोलता मनात आलं, तर 'विल'. आधीपासून मनात घेतलंय, किंवा होणार हे डोळ्यांपुढं दिसतंय, तर 'गोइंग टू'. आणि वेळ ठरली, गाडी ठरली, सगळी तयारी झाली, तर सरळ 'आय अ‍ॅम गोइंग'. बाकीच्या बाया वैतागल्या. "अगं बाई, तिन्हीचा अर्थ एकच की! कशाला डोक्याला ताप?"

"एकच कसा?" मी म्हणाले. "नवरा मारीन मारीन म्हणून बोंबलतो, ते विल. पट्टा सोडतो, ते गोइंग टू."

सगळ्या खदखदून हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "आणि तिसरं?" त्यांनी विचारलं.

"तिसरं त्याला जमत न्हाई, मॅडम. त्याचं ठरवून असं काहीच नसतं."

"मग ते तू कर," त्या म्हणाल्या.

मी केलं. दाखले आणि दोन साड्या बॅगेत भरून मॅडमच्या घरी नेऊन ठेवल्या. शिंगणापुरात घराला दार नसतं. उंबऱ्यात आडवी फळी लावतात, ती कुत्री शिरू नयेत म्हणून. तरी बॅगेला त्या घराइतकी बिनघोर जागा दुसरी नव्हती. तिथल्या घरातली वस्तू उचलली की महाराज आंधळं करतात, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं.

रविवारी दुपारी मी मॅडमच्या घरी होते, तिथं तो आला. सासूनं माझी पेटी उघडून पाहिली होती, दाखले गायब. उंबऱ्याबाहेर उभा राहून गुरकावला, "बॅग भाईर आण."

"तुमीच घ्या की. समोर तर हाय."

बॅग समोर कोनाड्यात दिसत होती. दार नाही, कडी नाही, आत आम्ही दोघी बाया. पण हा पठ्ठ्या आत पाऊल टाकेना! दर शनिवारी तेल वाहणारा माणूस, चोरीचं पाप नको होतं मेल्याला. माझ्या डोक्यात अशी सणक गेली! बायकोचा कान फोडताना या मुडद्याला देव आठवला नव्हता.

"बॅगेला भ्यालात," मी फळीपाशी येऊन म्हणाले. "मला मारताना न्हाई भ्यालात?"

"तू माझीच हायेस. आपलं आपुन न्यायचं, त्यात चोरी कसली?"

आणि बाहेरूनच हात घालून त्यानं माझा अंबाडा धरला. फळीसकट मला बाहेर ओढलं. गुडघे फरशीवर आपटले, ओठ फुटला. मॅडम किंचाळत त्याच्या हाताला लोंबकळल्या, त्यांना त्यानं कोपरानं भिंतीवर उडवलं. मग तो गप्प झाला. हात पट्ट्याकडं गेला.

मी खाली पडलेली फळी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या तोंडावर घातली. नाकाचं हाड मोडलं, ते मी चांगल्या कानानं ऐकलं. तो मटकन खाली बसला. दुसरी खांद्यावर हाणली. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा मॅडमनी मागून धरली. त्यांनी धरली नसती तर मी थांबले नसते. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटत होतं.

दुकानांतली माणसं धावत आली. रक्त थुंकत तो म्हणाला, "उद्या... उद्या कापतो तुला."

उद्या! माझा मार त्यानं कधी उद्यावर टाकला नव्हता.

"उद्या मी हितं नसते," मी म्हणाले. "काप कुनाला कापायचं ते." जन्मात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं.

मॅडमनी फळी धुतली आणि होती तशी उंबऱ्यात लावली. तो बाहेरच बसून होता.

सोमवारी दवाखान्यातल्या मोठ्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, घरचे इथं राहू देतील का? उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. सुजलेल्या ओठांनी म्हणाले, "आय अ‍ॅम नॉट गोइंग बॅक."

बाईंनी माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि मला खोली दाखवायला नर्सला हाक मारली.