कायमच्या व्हिसाची वाट

अंजना सांगलीतल्या आमच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात तेरा वर्षं नर्स होती. मूळची वडूजची. तिचे वडील राजाराम, घरातले आबा, एसटीत मेकॅनिक होते. मी त्या विभागाची इनचार्ज, म्हणून तिचं ऑस्ट्रेलियाला जायचं ठरल्यावर अनुभवाचा दाखला मागायला ती माझ्याकडे आली. पण तिला दाखल्यापेक्षा सल्ला हवा होता.

तिच्यापुढे दोन मार्ग होते. तिथल्या एका लहान गावातलं हॉस्पिटल तिला नोकरीवर बोलवायला तयार होतं. आधी काही वर्षं त्यांच्याकडे काम करायचं, मग तिथं कायमचं राहण्याचा अर्ज करायचा. दुसरा मार्ग गुणांचा. वय, शिक्षण, अनुभव आणि इंग्रजी यांचे गुण पुरेसे झाले, तर थेट कायमचा व्हिसा, कुठल्याही मालकाशी न बांधलेला.

तिचा नवरा महेंद्र जळालेल्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं काम करायचा. त्याचं मत होतं, हॉस्पिटल बोलावतंय तर जावं.

"मला तसलं टांगतं जगणं नको, सिस्टर," अंजना म्हणाली. "पहिली सहा वर्षं हितं कंत्राटावर काढली मी. दर अकरा महिन्यांनी पुन्हा सही. तुमी काय केलं असतं?"

"कायमचा मिळत असेल तर तोच घे," मी म्हणाले.

तिनं हॉस्पिटलला नकार कळवला. इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. चौदा महिन्यांनी गुण पुरेसे ठरून अर्ज भरायचं बोलावणं आलं, तेव्हा तिनं सगळ्या विभागाला पेढे वाटले.

मग वैद्यकीय तपासणी झाली. तिची मुलगी सोनिया अकरा वर्षांची होती. पाचव्या वर्षापासून तिला मूत्रपिंडाचा आजार होता. गोळ्या चालू होत्या, शाळा चालू होती. अंजनानं काहीच लपवलं नाही, सगळी कागदपत्रं जोडली. "गोळ्यांवर ठीक आहे म्हणजे अडचण नाही," असं व्हिसाचं काम बघणारा एजंट म्हणाला होता.

चार महिन्यांनी नकार आला. या मुलीच्या पुढच्या उपचारांचा तिथल्या सरकारी आरोग्यसेवेवर फार भार पडेल, आणि या व्हिसात घरातलं एक माणूस अपात्र ठरलं की सगळेच अपात्र. एजंट आता म्हणाला, हॉस्पिटलच्या मार्गानं गेला असता, तर तब्येतीच्या अटीतून सूट मागता आली असती. मिळालीच असती असं नाही, पण मागता आली असती. तोवर ती जागा भरलेली होती.

आठवडाभरानं ड्यूटी संपल्यावर अंजना माझ्यासमोर येऊन बसली.

"मी एजंटला इचारलं, सोनियाला वडूजला आबांकडं ठेवून गेलं तर चालंल का." ती खाली बघत होती. "मी इचारलं, सिस्टर. पोटच्या पोरीबद्दल."

"काय म्हणाला?"

"मागं ठेवली तरी तिची तपासणी धरतातच."



नकाराचं पत्र अंजनाच्या मोबाइलवर होतं. सोनियाला इंग्रजी चांगलं येत होतं. एकदा जेवताना तिनं विचारलं, "मम्मी, मी नसते तर तुमी दोघं गेला असता ना?"

"काय तरीच बोलू नको. माझं मार्क कमी पडलं," अंजना म्हणाली.

सोनियानं मान डोलावली. त्यानंतर पोरगी कसलीच तक्रार करेना. पाय सुजायला लागले तेव्हा ती घरातही मोजे घालून फिरू लागली. विचारलं तर म्हणायची, थंडी वाजते. मळमळायचं, तर डबा मैत्रिणींना देऊन रिकामा घरी आणायची. रोज पेशंटांच्या सुजेची नोंद करणाऱ्या अंजनाला स्वतःच्या घरातली सूज दिसली तेव्हा तीन आठवडे गेले होते. रक्ताच्या रिपोर्टात मूत्रपिंडं जवळजवळ निकामी दिसली, तेव्हा लॅबच्या दारातूनच तिनं महेंद्रला फोन लावला.

श्रावणात डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. अंजनानं बदली मागून घेतली, आता ती डायलिसिस विभागातच असते. पण सोनियाला सुई टोचायची वेळ आली, की दुसऱ्या सिस्टरला हाक मारते आणि खिडकीकडे जाऊन उभी राहते. महेंद्र मूत्रपिंड द्यायला तयार आहे. त्याचा रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या व्हायच्या आहेत. आबा वडूजहून आले की नातीच्या खाटेजवळ बसतात, पेपरातलं शब्दकोडं तिला वाचून दाखवतात. ती डोळे मिटूनच उत्तरं सांगते.