धारवाडातली मेड्युसा

आमच्या नाटकाचा प्रयोग एकच झाला, पण त्याचे किस्से अजून संपत नाहीत! ऐंशी सालानंतरची गोष्ट. धारवाडात आम्हा बायकांचं हौशी मंडळ होतं. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या नलिनीअक्कांनी ग्रीक पुराणातल्या मेड्युसावर, तिच्या बाजूनं, नवं नाटक लिहिलं. मी प्रॉम्प्टर.

*

वाचनाला अक्कांनी कथा सांगितली. समुद्रदेवानं देवळात मेड्युसावर जबरदस्ती केली. देऊळ बाटलं म्हणून देवी चिडली आणि तिनं मेड्युसाच्याच केसांचे साप केले! वर शाप असा, की तिच्याकडे बघेल तो दगड होईल.

मंडळातली गंगक्का चक्रावली. "पाप त्याचं आणि साप हिला?"

"हेच तर नाटक आहे!"

"मग त्यासाठी ग्रीसपर्यंत कशाला गेलात हो?"

*

साप शिवायला जुन्या हुबळीतला टेलर गाठला. "नागपंचमी तर झाली की, बाई!" म्हणाला. तरी शिवले. आणायला गेलो तर सगळे गुलाबी!

"हिरवं अस्तर संपलं. गौरी-गणपतीची गर्दी!"

*

हॉलचे सेक्रेटरी अडून बसले. "देवी चुकली, असं स्टेजवर म्हणणार?"

"ग्रीक देवी हो, अण्णा."

"मग चालेल." पावती फाडता फाडता म्हणाले, "केशवापुरातल्या चर्चवाल्यांत तिचे कुणी भक्त नाहीत ना?"

*

मेड्युसाचं डोकं उडवणारा वीर म्हणजे गंगक्का. तालमीत तिनं तलवारच खाली ठेवली. "हिनं माझं काय वाकडं केलंय?"

"कथेत आहे, गंगक्का!"

"असेल. माझ्याच्यानं नाही होणार."

अक्कांना शेवट बदलावा लागला!

*

मेड्युसा झाली होती सुशीला. शाळेत शिक्षिका. हेडमास्तरांनी तिच्याशी गैरवर्तन केलं. तिनं संस्थेकडे तक्रार केली, तर बदली तिचीच झाली, अळणावरला; रोज रेल्वेनं जाऊन-येऊन करायची. हे आम्हाला ठाऊक होतं. प्रयोगाला तेच सर पत्नीसह पहिल्या रांगेत येऊन बसतील, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटच्या प्रवेशात सुशीला पुढं आली आणि गप्पच उभी राहिली. विसरली असं वाटून मी विंगेतून ओळ दिली. पुन्हा दिली. तिचं लक्षच नाही.

"सर, वर बघा," ती म्हणाली.

मी भराभर पानं उलटतेय, असं वाक्य कुठंच नाही! सर आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"बघा ना. दगड नाही होणार."

त्यांनी मान वर केली नाही. आम्ही पडदा टाकला.

जरा वेळानं सरांच्या पत्नी मेकअप रूममध्ये आल्या. सुशीलाला विचारलं, "ते वाक्य नाटकातलं होतं?"

"नाही."

त्या तिथंच ट्रंकेवर, सुशीलाशेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, "बाहेर आमचे हे थांबलेत. त्यांना म्हणावं, तुम्ही व्हा पुढं."