भावोजींनी रंगवलेली दुपार

भावोजी कचेरीतून निवृत्त झाले आणि चित्रकार झाले. काम दोन्हीकडे तेच, खुर्चीत बसून दुसऱ्याला हाका मारायच्या. ताई हातातलं टाकून धावायचीच.

माझ्या या बहिणीनं लग्नापासून नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं. या उन्हाळ्यात मागितलं. आमचे बाबा होडी चालवायचे. नदीकाठच्या त्यांच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघं वाढलो, आणि आता पुलासाठी ती पाडणार होते. "पाडायच्या आधी तेवढं एक चित्र काढून द्या," ती म्हणाली.

निघालो भर दुपारी, कारण सकाळी साहेबांची झोप पुरी होत नाही. ओझं अर्थात आमच्या खांद्यावर. मी फोन काढला, तर हे कडाडले, "फोटोत जीव नसतो!" ताईनं मलाच डोळ्यांनी दटावलं. ठेवला खिशात.

ती छत्री उघडून म्हणाली, "अहो, कागदावर धरू?"

"सावलीत रंग खोटे दिसतात. माझ्या डोक्यावर धर."

म्हणजे सावलीत हे, उन्हात कागद आणि माझी बहीण. पांढरा कागद असा चमकत होता की यांना प्रत्येक रंग फिकाच वाटे. मग थाप आणखी गडद! वर "हल्ली रंगांत दमच नसतो." नाचता येईना, अंगण वाकडं. पण खोटं कशाला बोलू, तिथं उन्हात पाहिलं तर खोली हुबेहूब होती. दाराला टेकवलेलं बाबांचं वल्हंसुद्धा ताईनं सांगून चित्रात काढून घेतलं होतं. ती रडली.

घरी बैठकीत टांगलं तर नुसतं डांबर. ना नदी, ना खोली. दुसऱ्या दिवशी परत काठावर गेलो, तिथं विटा-पत्र्यांचा ढीग होता. मला इतका संताप आला की भावोजींशी बोलणंच टाकलं. त्यांना काय त्याचं! त्यांनी चित्राचं नावच ठेवलं, 'नदीकाठची रात्र'.

परवा दुपारी ताईकडे गेलो. भावोजी पंख्याखाली पसरलेले, भिंतीवर नुसता खिळा.

"तुझी ताई नेते रोज या वेळी परसात. खूळ आहे झालं."

परसात ऊन रणरणत होतं. चित्र भिंतीला टेकवून ताई समोर बसली होती. उन्हात पत्रा दिसत होता, दार दिसत होतं, वल्हं दिसत होतं. मी कोपऱ्यातली छत्री आणून तिच्यावर उघडली. ती चटकन बाजूला सरली.

"सांभाळून," ती म्हणाली, "बाबांच्या खोलीवर सावली पडेल."